अगं, कॅमेरा आहेच ना तुझ्याकडे!

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'एकोणसाठ' म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, हे मला आजही बोटांवर मोजून ठरवावं लागतं. त्यामुळे या लेखातलं शुद्धलेखन संपादकांच्या माथी आणि मतं माझ्या माथी, अशी वाटणी करून लिहायला बसले आहे.

विषय साधाच आहे. हॉस्टेलमध्ये माझी ओळख 'कॅमेरावाली' अशी आहे. फ्रेशर्स असो, हॉस्टेल डे असो, नाहीतर कुणाचा सेंडऑफ असो, आदल्या रात्री अकरा वाजता दारावर टकटक होते. "अगं, उद्या येशील ना? कॅमेरा आहेच ना तुझ्याकडे!"

या शेवटच्या वाक्याशी माझं भांडण आहे. मेसमधल्या मावशींना आपण कधी म्हणतो का, "मावशी, गॅस आहेच ना तुमच्याकडे, मग आजचं जेवण फुकट करा"? नाही ना? मग कॅमेऱ्याच्या बाबतीत असं का?

माझं म्हणणं थोडक्यात असं, की फोटो काढणं हे काम आहे. ते शिकावं लागतं. ज्या कार्यक्रमाला बजेट असतं, त्याने या कामाचे पैसे द्यावेत आणि फोटोखाली फोटोग्राफरचं नाव छापावं. पण हे तुम्हाला पटवायचं, तर आधी माझीच एक चूक कबूल करायला हवी.

दोन वर्षांपूर्वी मी फर्स्ट इयरला होते. बारावीच्या मार्कांवर खूश होऊन पप्पांनी नवा कॅमेरा घेऊन दिला होता. तोपर्यंत आपल्या हॉस्टेल डेचे फोटो स्टँडजवळच्या स्टुडिओतले काका काढायचे. कमिटीला त्यांचे आठ हजार जड वाटत होते. मीटिंगमध्ये मी हात वर केला. "मी काढते. फुकट!" टाळ्या पडल्या. मला काय, मोरपीस लागल्यासारखं वाटलं!

त्याच दिवशी आपल्या मेसमधल्या सगळ्यात जुन्या मावशींचा निरोप होता. बावीस वर्षं त्यांनी या हॉस्टेलला जेवू घातलं. रेक्टर मॅडमनी त्यांना शाल-श्रीफळ दिलं, सगळा हॉल उभा राहिला, मावशी रडल्या. आणि मी ढिगाने फोटो काढले. रात्री लॅपटॉपवर बघते तर काय? स्टेजच्या मागे मोठी खिडकी, बाहेर लख्ख ऊन आणि मावशींचा चेहरा काळा ठिक्कर. हॉलच्या आतल्या फोटोंवर आडवे काळे पट्टे. शाल घेतानाचा एकच फोटो होता आणि त्यात मावशींचे डोळे मिटलेले!

आठवड्याने मावशी सामान न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "बाळा, एखादा चांगला दे की. घरी भिंतीला लावीन म्हणते." माझ्याकडे देण्यासारखा एकही नव्हता. मी खोटं बोलले, कार्ड खराब झालं म्हणून सांगितलं. "राहू दे गं, मी काय हिरॉईन आहे का?" असं म्हणून त्या हसल्या आणि गेल्या. तो दिवस काही पुन्हा येणार नव्हता. फुकट कामाचं हेच तर आहे. बिघडलं तर कुणी जाब विचारत नाही, आणि नुकसान मात्र भलत्याचंच होतं.

त्या पावसाळ्यात मी निमूटपणे त्याच काकांच्या क्लासला नाव घातलं. (काका म्हणाले, "लेखात माझं नाव नको. फोटोखाली छापायला सांग." म्हणून इथे नुसतं 'काका'.) स्टुडिओच्या माळ्यावर दर रविवारी सकाळी आठ ते दहा क्लास असतो. आठ रविवारांची फी तीन हजार, हॉस्टेलच्या मुलांना निम्मी. क्लास पावसाळ्यातच का, तर चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत पासपोर्ट फोटो आणि हा क्लास, यावरच दुकान चालतं.

पहिले दोन रविवार कॅमेऱ्याला हात लावायचा नाही! टेबलावर एक अंडं ठेवलं होतं. खिडकीचा पडदा थोडा-थोडा सरकवायचा आणि अंड्यावरची सावली कशी बदलते, ते वहीत काढायचं. आम्ही वैतागलो. काका म्हणाले, "उजेड कुठून येतोय, हे आधी सांगायला शिका. बटणं नंतर."

बटणांची पाळी आली तेव्हा माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. कॅमेऱ्याच्या मीटरला मावशी, खिडकी, शाल यातलं काहीच कळत नाही. समोरच्या सगळ्याची सरासरी मध्यम करड्या रंगाची येईल, एवढंच तो बघतो. मागे लख्ख खिडकी असली की तो सगळंच चित्र गडद करतो आणि चेहरा काळा पडतो. उपाय काय? माणसाला वळवून खिडकी बाजूला घ्या, नाहीतर चेहऱ्यावरून मोजमाप करा, नाहीतर समोरून थोडा फ्लॅश द्या. आणि ते काळे पट्टे? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे बऱ्याच ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. मी शटर ठेवलं होतं १/५००. १/१०० किंवा १/५० ठेवलं असतं, तर पट्टे आले नसते. एसी सर्किट्समध्ये हे सगळं शिकून मला चांगले मार्क पडले होते, पण हॉस्टेलच्या ट्यूबखाली उभं राहिल्यावर त्यातलं काही आठवलं नाही.

फ्लॅशचंही तेच. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो. बारावीचा इन्व्हर्स स्क्वेअर लॉ! ज्या फ्लॅशचा गाइड नंबर ४० आहे, तो १०० आयएसओला ५ मीटरवर एफ ८ मागतो आणि १० मीटरवर एफ ४. काका दहावी पास. पण नवरीची मावशी दोन पावलं मागे सरकली, की त्यांचं बोट आपोआप फिरतं. याला मी शिक्षण म्हणते.

क्लास संपल्यावर लग्नसराईत काकांबरोबर दुसरी फोटोग्राफर म्हणून जायला लागले. पहिल्या लग्नाचे ते "पावणेदोन हजार देईन" म्हणाले. मला वाटलं सव्वादोन! हातात १७५० आले तेव्हा पावणेदोन म्हणजे किती, ते जन्मभरासाठी पाठ झालं. असो.

लग्नातला फोटोग्राफर तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, पण त्याच्या जागी उभे राहिला नाहीत. मंगलाष्टका चालू असतात. 'सावधान' झालं की अंतरपाट खाली येणार. नवरा-नवरी एकमेकांकडे बघणार ते फार तर दोन सेकंद, आणि त्याच दोन सेकंदांत चारी बाजूंनी अक्षता, आडवे आलेले मामा आणि वर आलेले वीस मोबाईल. रिटेक नाही! सकाळी सहाला हळदीपासून उभं राहायचं ते रात्री पाठवणीपर्यंत. जेवायला सगळ्यात शेवटी बसायचं, तेही "ए फोटोवाले, आधी ग्रुप घ्या" ऐकत ऐकत. आणि पाठवणीला नवरीचे बाबा कोपऱ्यात जाऊन डोळे पुसतात, तेव्हा फोटो काढायचा की कॅमेरा खाली घ्यायचा, हे कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

"पण ते किती पैसे घेतात!" असं म्हणणाऱ्यांसाठी काकांच्या वहीतला एका लग्नाचा हिशोब. दोन दिवसांचे मिळाले ३०,०००. व्हिडिओवाल्याला ७,०००, मला १,७५०, अल्बमच्या छपाईला ८,५००, गाडी-पेट्रोल १,५००. उरले ११,२५०. लग्नाचे दोन दिवस आणि नंतर हजारो फोटोंतून तीनशे निवडून अल्बम लावायचे सहा दिवस, म्हणजे दिवसाला साधारण १,४००. त्यातून दुकानाचं भाडं, कॅमेऱ्याचा हप्ता आणि चार कोरडे महिने. सांगा, कुठे आहे लूट?

त्याच वहीत मागची पानं चाळताना मला एक ओळ दिसली. 'कॉलेज, हॉस्टेल डे, ८,०००' आणि त्यावर आडवी रेघ. मी म्हटलं, "काका, ते माझ्यामुळे." ते म्हणाले, "माहितीय. लेन्स पुस आता." एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आता तुमचे मुद्दे घेते, कारण ते मी रूमवर रोज ऐकते.

मुद्दा एक : "आता मोबाईलच इतके भारी आलेत!" खरंय. मी स्वतः वापरते. पण मोबाईलने अवघड काम सोपं केलं, जबाबदारी घेतली नाही. तो खिडकीचा उजेड सांभाळेल, पण मावशींच्या डोळ्यांसाठी थांबणार नाही. कार्यक्रमात सगळ्यांकडे मोबाईल असतात, तरी दुसऱ्या दिवशी सगळे विचारतात, "दीपप्रज्वलनाचा चांगला फोटो कुणाकडे आहे?" कुणाकडेच नसतो. कारण ते कुणाचंच काम नसतं.

मुद्दा दोन : "मैत्रीत कसले पैसे?" अगदी मान्य. मैत्रिणीच्या वाढदिवसाचे फोटो मी हजार वेळा फुकट काढीन. पण गेल्या गॅदरिंगला डीजेला ४०,००० दिले, मांडववाल्याला दिले, आणि फोटोच्या रकान्यात शून्य. मी नकार दिला, तर कल्चरल सेक्रेटरी म्हणाला, "तू पण धंदेवाईक झालीस!" बाबा रे, डीजेशी तुझी मैत्री नव्हती म्हणून त्याला पैसे मिळाले. मग मैत्री हा माझा गुन्हा झाला का?

मुद्दा तीन : "इंजिनिअरिंग सोडून हे काय?" हा मुद्दा बहुतेक घरचे आणि काही सर मांडतात. त्यांना आदरपूर्वक सांगते, की भारतातले सगळ्यात नावाजलेले जुने फोटोग्राफर राजा दीनदयाळ हे रूरकीच्या थॉमसन कॉलेजचे, म्हणजे आजच्या आयआयटी रूरकीचे विद्यार्थी. इंदूरच्या पीडब्ल्यूडीत ते एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन होते. नोकरी करता करता फोटोग्राफी शिकले, पुढे हैदराबादच्या निजामाचे फोटोग्राफर झाले आणि १८९६ साली मुंबईत स्टुडिओ काढला. आणि फोटोग्राफी कॉलेजात शिकवायची कल्पनाही काही नवी नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ सालीच फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला होता. आपण त्यात निदान पावणेदोनशे वर्षं मागे पडू नये, इतकीच इच्छा! (पावणेदोनशे म्हणजे १७५. आता येतं मला.)

राहिला नावाचा प्रश्न. होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. पुढे त्यांना देशाची पहिली महिला प्रेस फोटोग्राफर म्हणून ओळखलं गेलं, २०११ साली पद्मविभूषण मिळालं. पण ते सुरुवातीचं नाव हुकलं ते हुकलंच. कायदाही याबाबत विचार करायला लावणारा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट पैसे देणाऱ्याचा. फुकट काढला, तर तो साधारणपणे काढणाऱ्याचाच राहतो! आणि हक्क कुणाकडेही असला, तरी 'हा फोटो मी काढला' असं सांगायचा अधिकार फोटोग्राफरकडून जात नाही. म्हणजे फोटोखाली नाव छापणं ही काही मेहरबानी नाही.

म्हणून माझ्या तीनच मागण्या आहेत. एक, यापुढे हॉस्टेल डे आणि गॅदरिंगच्या बजेटमध्ये फोटोसाठी रक्कम धरावी, मग काम काकांना द्या नाहीतर एखाद्या विद्यार्थ्याला. दोन, या अंकापासूनच प्रत्येक फोटोखाली नाव छापावं. तीन, काकांना वर्षातून एकदा वर्कशॉपसाठी बोलवावं आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्या प्राध्यापकांना देतो तेवढंच मानधन द्यावं. शाल-श्रीफळावर भागवू नये. शाल-श्रीफळाचे फोटो काढून-काढून ते कंटाळलेत.

आणि माझ्यासारख्या नव्या कॅमेरावाल्यांनो, तुमच्यासाठीही एक. मीटिंगमध्ये 'मी फुकट काढते' म्हणून हात वर करण्याआधी विचारा, गेल्या वर्षी हे काम कोण करत होतं?

जाता जाता एवढंच सांगते. दिवाळीच्या सुट्टीत मी मावशींच्या गावी जाऊन आले. कार्ड खराब झालं नव्हतं, हेही सांगितलं. त्यांना दारातल्या उंबऱ्यावर बसवलं, ऊन बाजूने घेतलं आणि एकाच्या जागी पाच फोटो काढले. एक भिंतीवर लागलाय, चांगला आलाय. पण त्यात हॉल नाही, उभी राहिलेली चारशे पोरं नाहीत आणि ती शाल नाही. ते सगळं ज्याला काढता आलं असतं, त्या माणसाला आपण आठ हजार वाचवायला घरी बसवलं होतं.

पुढच्या हॉस्टेल डेला काय करायचं, ते आता तुम्हीच ठरवा!