‘बिघडलेलं’ मूल आणि ‘चांगलं’ घर

आपल्याकडे मूल बिघडतं, घर कधी बिघडत नाही. मूल शाळेत मारामाऱ्या करू लागलं, पैसे उचलू लागलं, अंथरूण ओलं करू लागलं किंवा बोलेनासं झालं, की त्याला दुरुस्तीला आणावं तसं आमच्याकडे आणलं जातं. आणणारी बहुतेक वेळा आई असते. वडिलांना ‘रजा मिळत नाही’. आणि घरातून निघतानाच कुणीतरी तिला ऐकवलेलं असतं, ‘तुझं लक्ष नाही, म्हणून हे असं झालं.’

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतल्यापासून गेली दहा-बारा वर्षं मी अशा कुटुंबांबरोबर काम करते आहे. या काळात कुटुंबोपचार, म्हणजे फॅमिली थेरपी, हा शब्द शहरांत बराच रुळला. शाळा सुचवतात, न्यायालयं सुचवतात. ही पद्धत उपयोगी आहे याबद्दल मला शंका नाही. पण ती कुणाच्या बाजूने वापरली जाते, हा प्रश्न स्त्रियांच्या चळवळीने विचारायलाच हवा.

मूळ विचार आपल्याला पटावा असाच आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेतले काही मानसोपचारतज्ज्ञ म्हणू लागले, की रुग्ण म्हणून ज्याला पुढे केलं जातं तो एकटाच आजारी नसतो. घरातल्या नात्यांचा ताण त्याच्या वागण्यातून बाहेर पडत असतो. साल्वादोर मिनुचिन यांनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांबरोबर आणि नंतर फिलाडेल्फियात काम करून 1974 साली या पद्धतीची सविस्तर मांडणी केली. घरात कोण कुणाच्या बाजूने आहे, कोण एकटं पडलं आहे, मोठ्यांच्या भांडणात मुलाला कसं ओढलं जातं, हे सगळ्यांना एकत्र बसवून पाहायचं आणि बदलायचं. आपल्या देशातही कुटुंबाला उपचारात सामावून घेण्याची परंपरा जुनी आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात नातेवाइकांना रुग्णांसोबत तंबूंमध्ये राहायला बोलावलं होतं.

मग अडचण कुठे येते? ती येते ‘सगळ्यांचाच थोडा थोडा वाटा’ या वाक्यात. नवरा पितो म्हणून बायको बोलते, बायको बोलते म्हणून नवरा हात उचलतो, ते पाहून मूल बिथरतं. असं वर्तुळ फळ्यावर काढलं की ते फार शास्त्रीय दिसतं. पण त्या वर्तुळात मारणारा आणि मार खाणारी एकाच मापाचे होतात. रॅचेल हेअर-मस्टिन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1978 सालीच ‘फॅमिली प्रोसेस’ या नियतकालिकात हा आक्षेप घेतला होता, की उपचार करणारे घरातली सत्ता पाहतच नाहीत आणि नकळत जुन्याच भूमिका पक्क्या करतात. इतक्या वर्षांनंतरही तो आक्षेप आपल्याला लागू आहे.

ओळख पटू नये इतके तपशील बदलून एक उदाहरण देते. नऊ वर्षांचा मुलगा. वर्गातल्या मुलांना चावायचा, बाकावर झोपायचा, पुस्तक उघडलं की फेकून द्यायचा. एकत्र बैठकीत वडील अगदी समजुतीने बोलले. आई गप्प. माझ्या एका सहकाऱ्याचं मत झालं, की आईच्या वागण्यात ठामपणा नाही, तिच्यावर काम करू. पण मी प्रत्येकाला वेगळं भेटते, तसं या मुलालाही भेटले. तो म्हणाला, ‘मी झोपलो की पप्पा आईला मारतात. म्हणून मी झोपतच नाही.’ आईला नंतर एकटीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, ‘ताई, तिथं बोलले असते तर घरी गेल्यावर काय झालं असतं?’

या घराला एकत्र बसवून ‘संवाद वाढवा’ म्हणून सांगणं हा उपचार नव्हे. ते त्या बाईला धोक्यात घालणं आहे. एकत्र बैठका आम्ही थांबवल्या. तिची संरक्षण अधिकाऱ्यांशी गाठ घालून दिली. नवऱ्याशी वेगळं काम सुरू केलं, तेही मारहाण बंद होण्याच्या अटीवर. आई मुलाला घेऊन काही आठवडे बहिणीकडे राहिली आणि मुलगा रात्री झोपू लागला. चावणं थांबलं. पुस्तक फेकणं मात्र थांबलं नाही. तपासणी केल्यावर कळलं, की त्याला वाचनाची अध्ययन-अक्षमता आहे. घर कितीही शांत झालं असतं, तरी अक्षरं त्याला आपोआप लागली नसती.

हा दुसरा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे. प्रत्येक त्रासाचं मूळ घरात शोधायचा हट्ट धरला, की शेवटी बोट आईकडेच वळतं. 1948 साली फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी स्किझोफ्रेनियाचा संबंध आईच्या वागण्याशी जोडला. 1967 साली ब्रुनो बेटलहाइम यांनी स्वमग्नतेचं खापर आईबापांच्या, मुख्यतः आईच्या, थंडपणावर फोडलं. दोन्ही कल्पना पुढे चुकीच्या ठरल्या, पण तोवर किती आयांनी तो अपराध वाहिला असेल! म्हणून कुटुंबोपचार सुरू करण्याआधी मुलाची नीट तपासणी हवी: ऐकू येतं का, दिसतं का, फिट येतात का, अध्ययन-अक्षमता, अतिचंचलता किंवा नैराश्य आहे का. 2016 च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता दोन्ही आहेत. ज्या मुलाला शाळेत सवलत आणि मदत मिळायला हवी, त्याच्या आईला संस्काराचे धडे देऊन काय होणार?

आणि मुलींचं काय? आदळआपट करणारा मुलगा आमच्यापर्यंत पोचतो. गप्प झालेली, जेवण टाकलेली मुलगी ‘शहाणी झाली’ म्हणून घरीच राहते. तिला आणलं जातं ते ‘प्रकरण’ कळल्यावर. तेव्हा पालकांना उपचार नको असतो, पहारा हवा असतो. ‘तिच्याकडून नाव काढून घ्या,’ असं मला स्पष्ट सांगणारे वडील भेटले आहेत. आम्ही हे काम नाकारलं पाहिजे. फी कोण भरतं, यावरून आपण कुणाचे ते ठरत नाही.

मात्र इथे मुलीशीही प्रामाणिक राहावं लागतं. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या 19 व्या कलमानुसार अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि सतरा वर्षांच्या मुलीचे राजीखुशीचे संबंधही कायद्याच्या लेखी गुन्हाच ठरतात. त्यामुळे ‘तू सांगशील ते माझ्यापाशीच राहील’ असं सरसकट वचन देणं अनैतिक आहे. काय गुप्त राहील आणि काय राहू शकणार नाही, हे तिला कळेल अशा भाषेत पहिल्याच भेटीत सांगावं. मग किती बोलायचं ते तिने ठरवावं. भारताने 1992 साली मान्य केलेल्या बालहक्क संहितेच्या 12 व्या कलमात मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क आहे. सही पालकांची लागते म्हणून मुलाला विचारायचंच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

काही जणी विचारतील, बाप आधीच येत नाही. एवढ्या अटी घातल्या तर तो येईल का? प्रश्न खरा आहे. यावर माझं उत्तर असं, की त्याच्यासाठी रविवारी, संध्याकाळी केंद्र उघडं ठेवा, त्याला स्वतः फोन करा, निरोप आईच्या हाती देऊ नका. त्याच्या सोयीसाठी वेळ बदलावी, तत्त्व बदलू नये. 2006 च्या कौटुंबिक हिंसाचार नियमांत समुपदेशनाच्या वेळी प्रतिवादीला हिंसेचं समर्थन करू देऊ नये, असं सांगितलेलं आहे. न्यायालयाने पाठवलेल्या समुपदेशनाला जो नियम लागू आहे, तो मुलाच्या निमित्ताने भरणाऱ्या बैठकीला आपण आपणहून का लावू नये?

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी मुलाला घेऊन अशा केंद्रात जाणार असेल, तर तीन गोष्टी मागून घ्या. एकत्र बसवण्याआधी मला एकटीला भेटा. माझ्या मुलाला एकट्याला भेटा. आणि दोष ठरवण्याआधी त्याची तपासणी करा. आम्हा काम करणाऱ्यांना यात जास्त वेळ जातो, अहवाल लांबतो, ‘केस मिटली’ असं लवकर लिहिता येत नाही. पण मूल शांत झालं आणि त्याच्या आईचा मार चालूच राहिला, तर ते मूल बरं झालं असं आपण कुठल्या तोंडाने म्हणायचं?