डोळ्यातले कुसळ आणि कपाटातली बाटली



प्रत्येक घरात औषधांचा एक कप्पा असतो. कुणाच्या तापाच्या चार गोळ्या, अर्धी खोकल्याची बाटली, चुरगळलेली मलमाची ट्यूब आणि हमखास एखादी डोळ्यात टाकायच्या थेंबांची बाटली. आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सहा महिने उलटलेले असतात, पण थेंब उरले म्हणून बाटली टाकवत नाही. पैसे मोजून आणलेली वस्तू फेकायची कशी, हा आपला हिशेब. कुणाचाही डोळा लाल झाला की हात आपसूक त्या बाटलीकडे जातो. आज लिहायचे आहे ते या बाटलीबद्दल आणि एका मुक्या जिवाबद्दल.

तो जीव म्हणजे गिनीपिग. हल्ली शहरातल्या लहान घरांतून मुले हा प्राणी हौसेने पाळतात. नावात पिग असले तरी त्याचा डुकराशी संबंध नाही. उंदीर-घुशींसारखा कुरतडणाऱ्यांच्या वर्गातला, पण स्वभावाने अतिशय गरीब. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले. नीट सांभाळला तर पाच ते आठ वर्षे जगतो. मांजराची पिल्ले मिटल्या डोळ्यांनी जन्मतात, गिनीपिगचे पिल्लू मात्र उघड्या डोळ्यांनीच जगात येते. डोळे मोठे, बाहेर आलेले आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना. चहूकडचा शत्रू दिसावा म्हणून ही सोय, पण त्यामुळेच त्याचा डोळा फार उघडा पडतो. शिवाय तो पापण्याही फार कमी लववतो.

त्याचे मुख्य अन्न सुके गवत, आणि डोळ्याला इजा होते तीही बहुधा गवतानेच. गवताच्या ढिगात तोंड खुपसून खाताना एखादी ताठ काडी बुबुळाला टोचते किंवा बारीक कुसळ पापणीखाली जाऊन बसते. आपल्याकडच्या माळरानावरचे कुसळी गवत गुरे राखणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. असले गवत या प्राण्यासमोर टाकूच नये. याशिवाय पिंजऱ्याची निघालेली तार, जोडीदाराशी झालेल्या भांडणातले नख आणि लाकडाचा भुसा हीही कारणे आहेतच. पिंजरा वेळेवर साफ केला नाही तर मुताचा उग्र वास डोळ्याला झोंबतो तो वेगळाच.

आमच्या वसाहतीत आठवीतल्या एका मुलीच्या गिनीपिगचे असेच झाले. सकाळी पाहते तो एक डोळा अर्धवट मिटलेला, भोवतालचे केस ओले आणि बुबुळावर धुरकट निळसर झाक. जुनी माणसे म्हणाली, “डोळ्यात फूल पडले.” एकीने मध सुचवला, दुसरीने तूप. तेवढ्यात घरातून आजीची बाटली आली. “माझा डोळा याच थेंबांनी बरा झाला, घाला दोन थेंब,” असे आजी मनापासून म्हणाल्या. मी कचेरीत कागद वाचून पोट भरणारा माणूस. सहीआधी शेवटची ओळ वाचायची सवय, म्हणून बाटलीवरची बारीक अक्षरे वाचली. त्यात एका प्रतिजैविकासोबत डेक्सामेथासोन लिहिलेले होते. बाटली बाजूला ठेवायला सांगितली आणि मुलीला वडिलांबरोबर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे पाठवले.

डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. ते औषध वाईट नाही. ऑपरेशननंतर डोळ्याची सूज उतरवण्यासाठी डॉक्टर ते विचार करून देतात आणि आजींना त्याचा गुणही आला. पण बुबुळावरचा काचेसारखा पडदा खरचटलेला असेल तर गोष्ट उलटते. स्टेरॉइडने जखम भरून येण्याची क्रिया मंदावते आणि जंतूंशी लढण्याची डोळ्याची ताकद कमी होते. वरवर लाली ओसरते आणि घरच्यांना बरे वाटते. आत मात्र जखम खोल जाते. कधी तो पडदा विरघळल्यासारखा होऊन डोळा फुटतोही. सूज उतरवायला घातलेल्या थेंबांनी डोळाच जायचा, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

म्हणून बाटलीवरची काही नावे ओळखायला शिका: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल. ही सगळी स्टेरॉइडे आहेत. प्रतिजैविकाच्या नावापुढे ‘डी’ किंवा ‘डेक्स’ असे शेपूट असेल तर पुष्कळदा त्यात स्टेरॉइड मिसळलेले असते. आणि मुळात डोळ्याचे थेंब एकदा बाटली फोडली की साधारण महिनाभरानंतर वापरू नयेत, मग ते कुणाचेही असोत.

आता डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत घरी काय करावे ते क्रमाने सांगतो.

१) हात साबणाने धुवा. प्राण्याला मऊ नॅपकिनमध्ये सैल गुंडाळून मांडीवर बसवा, उताणा करू नका. बॅटरीच्या उजेडात दोन्ही डोळ्यांची तुलना करा.

२) गिनीपिगच्या डोळ्यातून अधूनमधून दुधासारखा पांढरा द्रव येतो आणि तो पुढच्या पायांनी तोंडावर चोळून चेहरा साफ करतो. हे नैसर्गिक आहे. मात्र पिवळी चिपडे, सतत पाणी, लाली, मिटलेला डोळा, बुबुळावर ढग किंवा पांढरा ठिपका यांपैकी काही दिसले तर ती दुखापत किंवा आजार समजावा.

३) औषधांच्या दुकानातून सलाईनची (०.९ टक्के मिठाचे निर्जंतुक पाणी) नवी, सीलबंद बाटली आणा. सुई काढलेल्या सिरिंजने डोळ्याच्या कोपऱ्याकडून हलकेच धार सोडा. सुटे कुसळ असेल तर वाहून येईल. पापण्या चिकटल्या असतील तर सलाईनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ गॉजने पुसा. कापूस नको, त्याचे तंतू डोळ्यात अडकतात.

४) काडी बुबुळात रुतलेली दिसली तर ओढू नका. चिमट्याला हातही लावू नका. ते काम डॉक्टरांचे.

५) मध, तूप, दूध, हळद, काजळ, गुलाबपाणी यांतले काहीही डोळ्यात घालू नका.

६) त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांच्या आत डॉक्टर गाठा.

गल्लीतल्या प्रत्येक पशुवैद्याला गिनीपिगची सवय असतेच असे नाही. म्हणून आधी विचारून घ्यावे. मुंबईत परळला, तसेच नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे चौकशी केली तर योग्य वाट सापडते.

डॉक्टरांनी काय करावे हे आपण ठरवायचे नसते, पण ते काय करत आहेत हे समजून घेण्याचा आपला हक्क आहे. फ्लुओरेसिन नावाच्या नारिंगी रंगाची कागदी पट्टी असते. ती ओली करून डोळ्याला लावतात आणि निळ्या उजेडात पाहतात. बुबुळ जिथे खरचटलेले असेल तेवढीच जागा हिरवी चमकते. काही मिनिटांची, बिनदुखाची तपासणी. “रंग लावून पाहिले का?” हा प्रश्न नम्रपणे जरूर विचारावा. पापणीखाली काही दडले आहे का, हेही डॉक्टर पाहतात. डोळाच पुढे आलेला असेल तर दातांच्या मुळांकडे लक्ष द्यावे लागते, कारण या प्राण्याचे दात जन्मभर वाढतात आणि दाढांचा आजार डोळ्यापर्यंत पोहोचतो.

जखम वरवरची असेल तर स्टेरॉइड नसलेले प्रतिजैविकाचे थेंब किंवा मलम आणि वेदना कमी करणारे औषध देतात. अशी जखम बहुधा आठवडाभरात भरते. पण डोळा चांगला दिसू लागला म्हणून आपल्या मनाने औषध थांबवू नका. पुन्हा रंग लावून हिरवा डाग गेल्याची खात्री झाल्यावरच उपचार संपतात. खोल जखमेला शस्त्रक्रिया लागू शकते, क्वचित डोळा काढावाही लागतो. तसे झाले तरी धीर सोडू नये. गिनीपिग वासावर आणि कानावर पुष्कळ भिस्त ठेवतो, एका डोळ्याने तो चांगला जगतो.

आणखी एक धोका ठळक अक्षरांत लिहून ठेवावा असा आहे. माणसाला सर्रास दिली जाणारी अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधे गिनीपिगला पोटातून देऊ नयेत. त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू त्यांनी मरतात, घातक जंतू माजतात, जुलाब लागतात आणि प्राणी दगावतो. डोळ्यासाठी गोळी कुटून पाजली आणि पोटाने जीव गेला, असे होऊ शकते.

थेंब घालायचीही रीत आहे. बाटली समोरून आणू नका, तो बिचकतो. मागच्या बाजूने, वरून एकच थेंब सोडा. बाटलीचे टोक डोळ्याला लागता कामा नये. दोन औषधे असतील तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्या. थेंब आधी, मलम नंतर. त्या मुलीला मी जुन्या वहीचे एक पान आखून दिले. त्यात तारीख, वेळ, कोणते औषध, कुणी घातले आणि सकाळचे वजन असे पाच रकाने. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन घ्यायचे. दिवसातून चार वेळा औषध म्हटले की घरात “तू घातलेस का?” “मला वाटले तू घातलेस” हे ठरलेलेच. कागदावर नोंद असली म्हणजे वाद मिटतो, आणि डॉक्टरांनाही नेमके सांगता येते.

वजनाचा रकाना का, तर डोळा दुखला की हा प्राणी खाणे सोडतो. आणि त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते. बारा तास त्याने तोंडात काही घेतले नाही, लेंड्या बंद झाल्या, तर डोळा बाजूला ठेवून आधी पोटासाठी डॉक्टरांकडे पळा. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते अन्नातूनच मिळावे लागते. ते कमी पडले तर जखम लवकर भरत नाही. रोज थोडी सिमला मिरची, कोथिंबीर, पेरूची लहान फोड द्यावी. महागड्या डब्यांची गरज नाही. गवत मऊ, धूळ झटकलेले असावे. अंथरायला भुशाऐवजी जुने सुती कापड चालते, मात्र ते रोज बदलले पाहिजे.

त्या मुलीच्या गिनीपिगच्या पापणीखालून गवताचे कुसळ निघाले. जखम वरवरची होती. आठव्या दिवशी पुन्हा रंग लावला तेव्हा हिरवा डाग नव्हता.

यावर कुणी म्हणेल, एवढ्याशा उंदरासाठी केवढा हा खटाटोप! त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली कायद्याची. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याचे हित पाहणे आणि त्याला विनाकारण वेदना होऊ न देणे, हे त्याचे कर्तव्य आहे. प्राणी केवढा, किमतीचा किती, याला तिथे महत्त्व नाही. दुसरी गोष्ट अशी की प्रयोगशाळांत या प्राण्यावर इतके प्रयोग झाले की आपण बोलतानाही “आम्हाला गिनीपिग करू नका” असे म्हणतो. निदान घरी पाळलेल्या गिनीपिगवर तरी घरच्यांनी उरल्यासुरल्या औषधांचे प्रयोग करू नयेत.

आणि हा प्रश्न पिंजऱ्यापुरता नाही. भातकापणीला, ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या आया-बहिणींच्या डोळ्यांना पाते लागते, मळणीत कुसळ उडते. संध्याकाळी डोळा लाल होतो, आणि दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून दुकानातून थेंब आणून घातले जातात. गवताच्या, पिकाच्या जखमेतून बुरशीही डोळ्यात शिरते, आणि तिला स्टेरॉइड म्हणजे खतपाणीच. नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यात १९९० च्या दशकात गावच्या आरोग्यसेवकांना शिकवून एक काम झाले. बुबुळ खरचटलेल्या माणसांना त्यांनी क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम तीन दिवस लावले. जखमेनंतर १८ तासांच्या आत ज्यांना मलम मिळाले, त्यांपैकी एकाच्याही डोळ्यात व्रण झाला नाही. यात मोठे यंत्र नव्हते की मोठे डॉक्टर नव्हते. होते ते योग्य औषध आणि वेळेवर केलेली धावपळ.

डोळा माणसाचा असो की मुक्या जनावराचा, आधी तपासणी, मग औषध. आज हे पान वाचून झाल्यावर एवढेच करा: तो कप्पा उघडा, डोळ्यांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरे घरातल्या शिकत्या मुला-मुलींकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि फोडून महिना झालेल्या बाटल्या टाकून द्या. चार पैसे वाया गेल्याचे वाईट वाटेल खरे, पण तो खर्च डोळ्याच्या खाती जमा होईल.