वाङ्मय उमटेल असा फोन

मराठीच्या पदव्युत्तर वर्गाचे प्रवेश सुरू झाले की एक प्रश्न विभागाच्या दाराशी हमखास येतो. त्याचा अभ्यासक्रमाशी वरकरणी काही संबंध नसतो. "सर, दहा-बारा हजारांत कोणता फोन घेऊ?" या प्रश्नाला आम्ही पुष्कळ वर्षे एकच उत्तर देत आलो : "कोणताही घे, सगळे सारखेच. उरलेल्या पैशांची पुस्तके घे." हे उत्तर आम्हांला मोठे शहाणपणाचे वाटे. त्यात यंत्राविषयी उपेक्षा होती आणि ग्रंथनिष्ठेचे थोडे प्रदर्शनही होते. ते उत्तर चुकीचे होते, असे आज आमचे स्पष्ट मत झाले आहे. ते का झाले, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमच्या एका विद्यार्थ्याने हा सल्ला शब्दशः मानला. बाजारात मिळाला तो सर्वांत स्वस्त अँड्रॉइड फोन त्याने घेतला. घरी संगणक नव्हता. त्यामुळे लघुप्रबंधाची टिपणे, ग्रंथालयात काढलेली पानांची छायाचित्रे, दोन लेखकांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती, सारे त्या फोनातच साठत गेले. दुसऱ्या वर्षी साठवणीची जागा भरली, फोन अडखळू लागला आणि एके दिवशी सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याने तो 'साफ' करून चालू करून दिला. त्या साफसफाईत टिपणेही गेली. लघुप्रबंध पुन्हा उभा राहिला, पण मुलाखतींतील एक लेखक दरम्यान निवर्तले होते. तो आवाज आता कुठेही नाही. सगळे फोन सारखेच असतात, हे वाक्य त्यानंतर आमच्या तोंडून निघालेले नाही.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना फोन हेच लिहिण्याचे मेज आहे आणि तेच ग्रंथालय. मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे, मराठी विश्वकोश महाजालावर आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलीला मोल्सवर्थ उघडायचा तर तो बहुधा हातातल्या पडद्यावरच उघडणार. म्हणून फोनची निवड हा वाचनाचा प्रश्न आहे, आणि तो वाङ्मयाच्या शिक्षकाने टाळावा असा नाही.

एके काळी हा प्रश्न लिपीचाच होता. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरीच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत, किंवा अक्षरे दिसली तरी जोडाक्षरे फुटलेली असत. २०११ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरीची मांडणी सुधारली आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मराठी ही फोनच्या मांडणीची एक भाषा झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात 'अँड्रॉइड वन' योजनेतले पहिले तीन फोन भारतात आले. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या कंपन्यांच्या त्या फोनांची किंमत ६,३९९ रुपयांपासून सुरू होत होती. त्यांत साठवण अवघी ४ जीबी होती. पण स्वस्त फोनलाही अद्ययावत प्रणाली मिळत राहावी, हा विचार त्यामागे होता. तो विचार आजही निवडीच्या केंद्रस्थानी असावा, असे आम्हांला वाटते.

आज दुकानात कोणताही नवा फोन हाती घेऊन 'वाङ्मय', 'तऱ्हा', 'क्लृप्ती' हे शब्द लिहून पाहावेत. ते सहसा नीट उमटतात. कळफलक न आवडला तर बदलता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. तेव्हा लिपीच्या निकषावर आता स्वस्त आणि महाग असा भेद उरलेला नाही. भेद आहे तो अन्यत्र, आणि जाहिरात नेमके तेच सांगत नाही.

जाहिरात हीही एक संहिता आहे. आपण वर्गात संहिता वाचायला शिकवतो, तर ही का वाचू नये? 'आठ जीबी रॅम' असे ठळक लिहिलेले असते आणि खाली बारीक अक्षरांत कळते की त्यांतले चार जीबी खरे, उरलेले चार साठवणीतून उसने घेतलेले. उसनी स्मृती खऱ्या स्मृतीइतकी चपळ नसते. 'पन्नास मेगापिक्सेल' हा शब्दही असाच. असे कॅमेरे सहसा चार-चार बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचे चित्र देतात. ग्रंथालयातल्या पानाचे छायाचित्र घ्यायला तेवढे पुरेसे असते. तिथे स्वयंचलित केंद्रीकरण नीट आहे का, हे पाहणे अधिक अगत्याचे. शेजारचे दुसरे भिंग पुष्कळदा अलंकारापुरतेच असते.

वाचणाऱ्याने पाहायच्या गोष्टी तीन. पहिली पडद्याची. ६.७ इंची पडद्यावर ७२० × १६०० बिंदू असतील तर एका इंचात सुमारे २६० बिंदू येतात. १०८० × २४०० असतील तर सुमारे ३९०. इंग्रजी अक्षराला पहिला पडदा चालून जातो. पण वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली लटकलेला उकार यांनी गजबजलेली आपली ओळ बारीक टंकात दुसऱ्या पडद्यावरच सुखाने वाचता येते. दुसरी गोष्ट साठवणीची. ६४ जीबीतला बराच भाग प्रणालीच व्यापते. १२८ जीबी असावी, निदान मेमरी कार्डाची सोय तरी असावी. साठवणीची जातही विचारावी : ईएमएमसी एका वेळी एकतर वाचते किंवा लिहिते, यूएफएस दोन्ही एकदम करते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुरक्षा-अद्यतने किती वर्षे मिळणार. सॅमसंगने २०२४ साली गॅलक्सी ए१६ ५जी या बेताच्या किमतीच्या फोनला सहा वर्षांचे आश्वासन दिले. अर्थात, स्वस्त फोनला हे अशक्य आहे, असे आता कोणी म्हणू नये.

हिशेब साधा आहे. समजा, एक फोन ८,००० रुपयांचा आणि दोन वर्षे टिकणारा, दुसरा १४,००० चा आणि चार वर्षे टिकणारा. पहिला वर्षाला ४,००० रुपयांना पडतो, दुसरा ३,५०० ला. यावर कोणी म्हणेल, की ज्याच्यापाशी ८,०००च आहेत त्याला हा हिशेब काय कामाचा? आक्षेप खरा आहे. स्वस्त वस्तू ज्याला महाग पडते तो बहुधा गरीबच असतो. अशा विद्यार्थ्याला आम्ही सांगू : कॅमेऱ्यावरचा खर्च टाळ, साठवणीवरचा टाळू नकोस, अद्यतनांची मुदत उरलेली असेल तर चांगल्या जुन्या फोनचाही विचार कर, आणि टिपणांची एक प्रत दर आठवड्याला फोनबाहेर ठेव. हा शेवटचा सल्ला फुकट होता. तोही आम्ही वेळेवर दिला नव्हता.

काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात, हे सारे शिकवणे आपले काम नव्हे. पडद्यावर वाचन होतच नाही, चाळणे होते. दीर्घ कादंबरी कागदावर वाचण्याचे सुख आम्हीही जाणतो. परंतु कागद आणि पडदा यांतून निवडण्याची मुभा सर्वांना आहे, हे गृहीतच मुळात चुकीचे आहे. ज्याच्यापुढे एकच वाट आहे त्याला दुसरीचे गुण ऐकवून काय साधणार?

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. फोन कितीही चांगला घेतला तरी त्यावर आम्ही पाठवतो काय? आमच्यांतले कित्येक जण अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटांत टंकलेल्या फायली पाठवतात. फोनवर त्या उघडल्या की मराठीच्या जागी रोमन चिन्हांचा कचरा दिसतो. त्यांची पीडीएफ केली तर अक्षरे दिसतात, पण शोधायला गेले तर 'वाङ्मय' हा शब्द सापडत नाही. दोनशे पानांची तिरपी, काळवंडलेली स्कॅन प्रत पाठवून "वाचून या" म्हणणारेही आम्हीच. विद्यार्थ्याच्या आठ हजारांच्या फोनला नावे ठेवण्याआधी आपली टिपणे युनिकोडात आणणे, हे विभागाला एका सुट्टीत जमण्याजोगे काम आहे. त्याला एक पैसाही लागत नाही.

यंदा कोणी दाराशी येऊन तोच प्रश्न विचारील तेव्हा आम्ही त्याला खुर्ची देऊ, वर लिहिलेल्या तीन गोष्टी कागदावर लिहून देऊ आणि मग पुस्तकांची यादीही देऊ. दोन्ही याद्या एकाच अभ्यासाच्या आहेत.