पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या बायका



आंतरराष्ट्रीय सीमा म्हटले की आपल्याला वाघा आठवते. वाशीमच्या बाईचा सीमेशी काय संबंध, असेच कुणालाही वाटेल. पण १५ ऑगस्ट १९४७ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, तेरा महिने, पैनगंगा ही सीमा होती. अलीकडे वऱ्हाड म्हणजे भारत, पलीकडे हिंगोलीची बाजू निजामाची. ते राज्य स्वतःला स्वतंत्र म्हणवत होते आणि ऑगस्ट १९४८ मध्ये भारताविरुद्ध तक्रार घेऊन थेट सुरक्षा परिषदेकडे गेले होते.

अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली. मालावर करोडगिरी. वाशीम-हिंगोली रस्त्यावरच्या कनेरगावाच्या नावाला ‘नाका’ अजून चिकटलेला आहे. लेकी मात्र दोन्ही काठांवर दिल्याघेतलेल्या. माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्यात, हे कुण्या बाईला विचारून ठरले नव्हते.

रझाकारांचा जाच वाढला तशी पलीकडची कुटुंबे वऱ्हाडात आली. स्टेट काँग्रेसची शिबिरे सीमेवर उभी राहिली, त्यांतले एक उमरखेडला. १९८५ साली केंद्र सरकारने हा लढा पेन्शनसाठी मान्य केला तेव्हा शिबिरे मोजली गेली, शिबिरार्थी मोजले गेले. पेन्शनला पुरावा लागतो: तुरुंगाचा दाखला, नाहीतर शिबिरप्रमुखाचे प्रमाणपत्र. पोरे घेऊन आलेल्या बाईला ओसरीत जागा देणारीला, रात्री-अपरात्री भाकरी थापणारीला प्रमाणपत्र कोण देणार? जालन्याकडच्या दगडाबाई शेळके यांनी शस्त्र हाती घेतले, म्हणून त्यांचे नाव तरी आपल्यापर्यंत पोचले.

आणि पोलीस कारवाईनंतर जे झाले ते? नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने हत्यांबरोबर बलात्कार आणि बायकांची पळवापळवी नोंदवली. काहींना राज्याबाहेर, सोलापूर-नागपूरसारख्या शहरांत नेल्याचे त्यात आहे. नागपूर म्हणजे आपल्याच काठाकडचे! हा अहवाल सरकारने कित्येक दशके दाबून ठेवला. पंजाबच्या सीमेवर पळवलेल्या बायकांसाठी १९४९ साली कायदा झाला. त्याने बायकांची मर्जी विचारली नाही, ही आपली टीका आहेच. पण तो कायदा हैदराबादला लागूच नव्हता.

दर १७ सप्टेंबरला कुणी रझाकारांचे अत्याचार सांगतो, कुणी नंतरचे. दोघेही बाईला आपल्या जमातीची अब्रू म्हणूनच मोजतात. मला या दोन्ही याद्या एकाच वहीत हव्या आहेत.

हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने तेलंगणाच्या लढ्यातल्या बायकांच्या आठवणी १९८६ सालीच तेलुगूत पुस्तकरूपाने आणल्या. राज्य तेच होते. आपल्या नदीकाठासाठी हे काम आपणच करायला हवे, आणि लगेच. तेव्हाच्या दहा वर्षांच्या मुली आज नव्वदीला टेकल्या आहेत.

रिसोड, वाशीम, सेनगाव, हिंगोली इथल्या गटांनी एकत्र बसून गावे वाटून घ्यावीत. मराठा आळीत जाल तशा मुसलमान मोहल्ल्यात आणि बौद्धवाड्यातही जा. बोलताना घरातले पुरुष समोर नसावेत. आवाज मोबाईलवर टिपण्याआधी विचारा. नाव द्यायचे की नाही हे तिने ठरवायचे, लेकाने नाही. त्यातले जे छापायला ती हो म्हणेल तेवढेच आमच्याकडे पाठवा, बाकीचे गटाच्या कपाटात कुलपात राहू द्या.