कामाबरोबर कार्डही



सोलापुरात जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. घरातल्या पुरुषाचे काम गेले तेव्हा अनेक घरांत चूल पेटली ती बाईच्या सुपातल्या विड्यांवर. आता विडीधंदा आटतो आहे आणि गणवेश शिवण्याचा धंदा वाढतो आहे. एक घटला, दुसरा वाढला, हिशेब जुळला, असे सांगितले जाते. पण कोणाचा?

घरी विडी वळणाऱ्या बायका १९६६ च्या विडी-सिगार कायद्यात कामगार म्हणून आल्या. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा भविष्य निर्वाह निधीचा हक्क मान्य केला. गणवेशाची काजे-बटणे नगावर घरी आणणाऱ्या बाईकडे बहुधा ना कार्ड, ना फंड. आणि पन्नाशीच्या विडीकामगार बाईला मशीनवर बसवणार कोण?

विडी घातकच, तंबाखूची धूळ आधी वळणारीच्याच छातीत जाते. धंदा बदलायलाच हवा. पण तिने लढून मिळवलेले हक्क नव्या धंद्यात तिच्याबरोबर गेले पाहिजेत. पुढच्या बैठकीत कामाच्या मागणीशेजारी कार्डाची मागणीही लिहू या.