पहिल्या दर्शनाचा बाजार

सोन्याच्या भावाने रद्दी विकली जाते, असे कोणी सांगितले तर आपण हसू. पण अमेरिकेत ते घडते आहे. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा जून १९३८ चा पहिला अंक मुळात दहा सेंटांचा. सुपरमॅन त्यात प्रथम अवतरला. त्याची एक प्रत २०२४ साली लिलावात साठ लाख डॉलरांना गेली!

यावरून आता एक नवे शास्त्रच निघाले आहे. ज्या अंकात एखादे पात्र पहिल्यांदा दिसले तो अंक घ्यावा, पेटीत ठेवावा आणि स्वस्थ बसावे. भाव चढतच राहणार. न्यू जर्सीतला माझा एक भाचा दर रविवारी फोनवर मला हे शास्त्र शिकवितो. मुलीच्या कॉलेजसाठी साठविलेल्या पैशांतून त्याने असले चाळीसएक अंक घेतले आहेत. "मामा, ही जमिनीसारखी वस्तू आहे," असे तो म्हणतो. अरे, जमिनीत निदान भुईमूग तरी येतो!

मुळात त्या १९३८ च्या अंकाला मोल आले कशाने? तो कोणी जपला नाही म्हणून. पोरांनी तो वाचला, दुमडला, मित्राला दिला. आयांनी घर आवरताना बाहेर टाकला. महायुद्धात कागद गोळा करण्याची मोहीम निघाली तेव्हा असले गठ्ठेच्या गठ्ठे तिकडे गेले. सुमारे दोन लाख प्रतींपैकी आज शंभरएक उरल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. आणि आजचे शहाणे काय करतात? जपतात! सगळेच जपू लागल्यावर दुर्मिळ काय राहणार?

हा प्रयोग एकदा होऊनही गेला आहे. १९९१ साली 'एक्स-मेन' मालिकेचा नवा पहिला अंक निरनिराळ्या मुखपृष्ठांनी निघाला आणि ऐंशी लाखांवर प्रती खपल्या. कित्येकांनी तो न उघडताच ठेवून दिला. त्याची साधी प्रत आजही चार-दोन डॉलरांत मिळते. दिवाळीच्या अंकात दिवाळ्याची गोष्ट काढू नये. पण ती लाट ओसरल्यावर डिसेंबर १९९६ मध्ये 'मार्व्हल' या बड्या प्रकाशन संस्थेला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता तर अंक दहापैकी गुण देऊन प्लॅस्टिकच्या डबीत कायमचा बंद करतात. वाचायचा म्हटला तर डबी फोडावी लागते, आणि डबी फोडली की ते गुणपत्रक गेले! १९७४ च्या 'हल्क'च्या १८१ व्या अंकात वुल्व्हरीन प्रथम पुरतेपणी दिसला. त्या अंकात मुलांनी कापून घेण्यासाठी एक चित्रतिकीट छापले होते. ज्या पोराने ते हौसेने कापले त्याच्या प्रतीला आज भाव कमी. (आपले दिवाळी अंक शेजारी नेतात ते परत येत नाहीत, पण निदान वाचले तरी जातात.)

शिवाय हे भाव चित्रपटांच्या तालावर नाचतात. 'इटर्नल्स'चा १९७६ चा पहिला अंक चित्रपट येणार म्हणताच वधारला, आणि २०२१ मध्ये चित्रपट येऊन गेल्यावर उतरला. सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन यांची गोष्ट निराळी. ते जगभरच्या पोरांच्या सदऱ्यांवर जाऊन बसले आहेत. त्यांचे जुने अंक टिकतील, हे मी भाच्याजवळ मान्य करतो. पण ते घेण्याची त्याची ऐपत नाही. त्याच्या पेटीत आहेत ती बहुतेक दुय्यम पात्रे, सिनेमावाल्यांच्या बोलावण्याची वाट पाहणारी.

'पहिले' या शब्दाचीच भूल मोठी. जगातले पहिले चिकटविण्याचे टपाल तिकीट, १८४० चे 'पेनी ब्लॅक', सहा कोटींवर छापले गेले आणि पुष्कळ टिकले. म्हणून त्याची साधी वापरलेली प्रत आजही मध्यमवर्गीयाला परवडते. उलट ब्रिटिश गियानाचे १८५६ चे एक सेंटचे तिकीट जगात एकच. ते २०१४ साली सुमारे पंचाण्णव लाख डॉलरांना गेले, आणि २०२१ साली सुमारे त्र्याऐंशी लाखांना. एकमेव वस्तू, आणि सात वर्षांत बारा लाखांची घट! तिचा धनी पादत्राणांच्या धंद्यातला नामांकित धनिक होता. त्याला ती सोसली. माझ्या नातीला दोन वर्षांनी कॉलेजात जायचे आहे.