वाऱ्याइतकीच माती मोजावी

जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने समुद्रातील पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांलगतच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटचे प्रकल्प उभारण्याचा त्यामागे हेतू आहे. अशा प्रकल्पांची चर्चा सहसा वाऱ्याचा वेग आणि विजेचा दर यांभोवती फिरते. पवनचक्की ज्या मातीत रोवायची, ती माती चर्चेबाहेरच राहते.

इमारतीचा पाया मुख्यतः वजन पेलतो. समुद्रातील पवनचक्कीच्या पायाची खरी कसोटी आडव्या बलांशी असते. तळात ठोकलेल्या, कित्येक मीटर व्यासाच्या पोलादी नळीला, म्हणजे मोनोपाइलला, वारा आणि लाटा आयुष्यभरात कोट्यवधी हेलकावे देतात. त्यांमुळे भोवतालची माती बदलत जाते. वाळू कालांतराने अधिक घट्ट बसू शकते, तर मऊ चिकणमाती दुबळी होऊ शकते. मातीचा ताठरपणा घटला की संपूर्ण रचनेची नैसर्गिक वारंवारता उतरते. ती पात्यांच्या फिरण्याच्या वारंवारतेजवळ पोहोचली, तर अनुनादामुळे कंपने वाढतात आणि पोलाद अकाली थकते.

सडपातळ खांबांच्या चाचण्यांवरून बांधलेली जुनी सूत्रे जाड मोनोपाइलला पुरेशी ठरत नाहीत, हे युरोपने ओळखले. म्हणूनच ‘पिसा’ प्रकल्पात इंग्लंडमधील काउडनच्या चिकणमातीत आणि फ्रान्समधील डंकर्कच्या वाळूत खांब ठोकून त्यांवर प्रत्यक्ष आडवा भार देण्यात आला. त्यातून नवी गणनपद्धती आकाराला आली. ती पद्धत भारताने जरूर घ्यावी. परंतु काउडनची हिमनदीने दाबलेली घट्ट माती आणि खंभातच्या आखातात नर्मदा, तापी, मही, साबरमती यांनी आणून टाकलेला गाळ यांना एकच मोजपट्टी लावता येणार नाही. शिवाय तेथील प्रबळ भरती-ओहोटीचे प्रवाह पायाभोवतीचा गाळ खरवडून नेऊ शकतात.

भूकंपाचा धोकाही गृहीत धरावा लागतो. २००१ च्या भूकंपात कच्छच्या आखातावरील कांडला बंदराचा मनोरा कलला. त्याचे खांब चिकणमातीचा थर ओलांडून वाळूत टेकले होते आणि ती वाळूच हादऱ्यांनी द्रवरूप झाली.

समुद्रात पूर्ण आकाराच्या जवळपासच्या खांबांच्या चाचण्या खर्चिक आहेत, त्यांनी विलंब होईल, हा आक्षेप खरा आहे. मात्र मातीविषयीची अनिश्चितता फुकट मिळत नाही. रचनाकार तिच्यापोटी अधिक पोलाद वापरतो, गुंतवणूकदार अधिक परतावा मागतो आणि अखेरीस तो भार वीजग्राहकावर पडतो. म्हणून सार्वजनिक निधीचा एक भाग भारतीय समुद्रतळावरील अशा चाचण्यांसाठी राखून ठेवावा आणि त्यांची मोजमापे विद्यापीठांसाठी खुली करावीत. वारा दिशा बदलला तर पवनचक्की त्याच्याकडे वळते. पाया एकदा रोवल्यावर त्याला जागा बदलता येत नाही.